लाळ-खुरकुताच्या कॅम्पात कुत्र्या-मांजरांनाही घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कुत्रा चावल्याची बातमी आली की आपल्या पेपरात पुढचे चार-पाच दिवस पत्रं येतात, मोकाट कुत्रे उचला, नगरपालिका झोपली का, नसबंदीचे पैसे कुठं गेले, आणि मग कोणीतरी प्राणीप्रेमी चिडून उत्तर लिहितो. वाचायला मजा येते पण हे सगळं शहराचं भांडण आहे. आमच्या खेड्यात पाळीव आणि मोकाट अशी रेघच नाहीये. कुत्रं सकाळी एका आंगणात भाकर खातं, दुपारी दुसऱ्याच्या धुऱ्यावर झोपतं आणि रात्री तिसऱ्यासोबत जागलीला जातं, रानडुक्कर आलं की भुंकायला ते सगळ्यांनाच पाहिजे असतं. मांजराचं तर विचारूच नका, ज्याच्या घरात उंदीर जास्त त्याच्याकडं ते मुक्कामाला. काम गावाचं करतात आणि लस टोचायची वेळ आली की मालक सापडत नाही.

माझं केळापूर तालुक्यात छोटं कृषी केंद्र आहे. मी काही जनावरांचा डॉक्टर नाही, आधीच सांगतो. पण ढोरांचा दवाखाना लांब आणि दुकान रस्त्यावर, त्यामुळं बियाणं न्यायला आलेला माणूस जाता जाता विचारतोच की भाऊ कुत्र्याले गोचिड झाले काय लावू, नाहीतर पिल्लू रक्त हगून राह्यलं एखादी गोळी हाय का. डॉक्टर लोकांना विचारत विचारत जेवढं समजलं त्यावरून लिहितोय. कुत्र्या-मांजराचे बरेचसे मोठे आजार एकदा लागले की खेड्यात करण्यासारखं फार थोडं उरतं, जे करायचं ते आधीच करावं लागतं, आणि त्यासाठी नवीन यंत्रणा काढायची गरज नाही कारण ती वर्षातून दोनदा आमच्या गोठ्यापर्यंत येतेच.

लाळ-खुरकुत, म्हणजे ढोरांच्या तोंडा-खुरांचा साथीचा आजार, त्याची लस म्हणतोय मी. सहा-सहा महिन्यांनी सरकारी लोक बर्फाचा डबा घेऊन गावात येतात, ढोराच्या कानात बारा आकडी पिवळा बिल्ला असतो, त्यावर नोंद होते, सगळं फुकटात. २०२२ मध्ये ढोरांच्या कातडीचा लम्पी आजार आला तेव्हा तर बघता बघता गावंच्या गावं टोचून काढली या लोकांनी, आपण पाहिलंय. मग त्याच डब्यात रेबीजच्या लसीच्या बाटल्या ठेवल्या तर? त्याच दिवशी, त्याच आंगणात, बैलाला टोचलं की खुंट्याजवळ बसलेल्या कुत्र्यालाही टोचायचं. मी हे एका म्हाताऱ्या गिऱ्हाईकाला बोललो तर तो हसला, म्हणे, "ढोराले टोचलं तं दूध देते, बंडी ओढते, कुत्रं का देते जी?"

आता याला काय सांगणार, पण सांगितलं. पिसाळलेलं कुत्रं गायीला चावलं तर गायीलाही रेबीज होतो, मग ती लाळ गाळते, हंबरत राहते, गिळता येत नाही, आणि आपल्याला वाटतं घशात काहीतरी अडकलं म्हणून आपण कोपरापर्यंत हात घालून चाचपतो. हाताला एखादी खरचट असली तर रेबीज आपल्यालाही होऊ शकतो. रेबीजची लक्षणं एकदा दिसली, माणसात असो की जनावरात, की त्यातून जवळपास कोणीच वाचत नाही. म्हणजे कुत्र्याची लस ही गायीची पण आहे आणि धन्याची पण. म्हातारा मग हसला नाही, पण कुत्रं आणतो असंही म्हणाला नाही.

रेबीजची लस पिल्लाला तीन महिन्यांचं झालं की द्यायची, वर्षानं परत, आणि मग डॉक्टर सांगतील तशी, आपल्याकडं बहुतेक डॉक्टर दरवर्षीच देतात. मांजरालाही हेच. हा मुद्दा लोकांना अजिबात माहीत नसतो, मांजर पण पिसाळतं, आणि मांजर चावलं, खोलवर ओरबाडलं तरी माणसानं इंजेक्शन घ्यायलाच पाहिजे. जाणकार सांगतात की गावातल्या १० पैकी ७ कुत्र्यांना दरवर्षी लस मिळत गेली की रेबीजची साखळी तुटते, सगळ्याच्या सगळ्यांना पकडायची गरज पडत नाही. शेजारच्या गोव्यानं हे करून दाखवलंय, कुत्र्यांना मोठ्या प्रमाणात टोचलं आणि २०१८ पासून पुढं सलग काही वर्षं तिथं माणसाचा रेबीजनं एकही मृत्यू झाला नाही. केंद्र सरकारनं पण २०२१ मध्ये आराखडा जाहीर केलाय की कुत्र्यापासून माणसाला होणारा रेबीज २०३० पर्यंत संपवायचा. आराखडा आमच्या गावापर्यंत पोचायचाय अजून. एका लसीचा खर्च पऱ्हाटीच्या एकरभर फवाऱ्याहून कमी आहे, म्हणजे अडचण पैशाची नाहीये फक्त.

आता पिल्लांबद्दल, कारण सगळ्यात जास्त मरतात ती हीच आणि सगळ्यात कमी बोललं जातं ते यांच्याबद्दलच. पावसाळा संपत आला की कुत्र्या वितात, सहा-सात पिल्लं होतात, पोरं त्यांना कडेवर घेऊन गावभर हिंडवतात आणि महिन्या-दोन महिन्यांत त्यातली एक-दोन उरतात. लोक म्हणतात नजर लागली, थंडी लागली. बहुतेक वेळा तो पार्वो नावाच्या विषाणूचा आजार असतो. उलटी, मग घाण वासाची रक्ताची हगवण, पिल्लू पाणी पीत नाही आणि दोन-तीन दिवसांत जातं. यावर थेट मारा करणारं औषध नाही, सलाईन लावून तग धरवायचं एवढंच, आणि खेड्यात कुत्र्याच्या पिल्लाला सलाईन कोण लावतंय. वरून हा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून ज्या आंगणात एक पिल्लू गेलं तिथं लगेच दुसरं आणलं की तेही जातं आणि मग लोक जागेला दोष देतात, वास्तू बघतात.

वासराला जसा चीक पाजतो तसाच पिल्लाला पण आईचा पहिल्या दिवसाचा चीक लागतो, त्यातून रोगाशी लढायची ताकद येते. पण आईलाच कधी लस नसेल तर चिकात येणार किती? आणि आईकडून आलेली ताकद हळूहळू उतरत जाते, कोणाची दीड-दोन महिन्यांत कोणाची तीन-चार, आणि गंमत अशी की जोवर ती अंगात आहे तोवर ती लसीलाही काम करू देत नाही. म्हणून तर एक सुई मारून भागत नाही. दीड-दोन महिन्यांचं झालं की पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांचं होईपर्यंत, आणि पुढं वर्षाचं झाल्यावर बूस्टर. या एकत्र लसीत पार्वो असतो, डिस्टेंपर असतो, काविळीचा एक प्रकार असतो आणि बहुतेक वेळा लेप्टो पण असतो, जो उंदराच्या मुतातून चिखलात येतो आणि माणसालाही होतो. एक सुई देऊन "झालं बुवा लसीकरण" म्हणणारे मी खूप बघितलेत, शिकलेले पण.

डिस्टेंपर जरा वेगळा. डोळ्याला चिपडं, नाकातून शेंबूड, खोकला, बरं वाटायला लागतं आणि मग काही दिवसांनी पाय थरथरायला लागतात, तोंडातल्या तोंडात चघळल्यासारखे झटके येतात. लोक त्याला पिसाळलेलं समजून दगडानं मारतात. आणि इथं मला वनखात्याचं लक्ष वेधायचंय. आमच्याकडं टिपेश्वर आहे, पलीकडं ताडोबा, वर पेंच, तिकडं मेळघाट, जंगलाला लागून गावं आणि गावात कुत्रे. बिबट्या कुत्रं उचलतो हे काय नवीन नाही. २०१८ मध्ये गीरमध्ये काही आठवड्यांत वीसहून जास्त सिंह मेले आणि त्यातल्या कित्येकांत हाच डिस्टेंपरचा विषाणू सापडला होता, त्याआधी १९९४ मध्ये आफ्रिकेत सेरेंगेटीला या आजारानं तिथले जवळपास एक तृतीयांश सिंह गेले, आणि तिथला संशय गावातल्या कुत्र्यांवरच होता. वाघाच्या नावानं एवढं पर्यटन चालतं, बफरमधल्या, म्हणजे वाघाच्या जंगलाला लागून असलेल्या, गावांना वनखात्याच्या जन-वन योजनेतून गॅस कनेक्शन मिळालं, चांगलं झालं, मग त्याच गावातल्या कुत्र्यांना ही एकत्र लस द्यायला त्यातला थोडा पैसा का नको? हे कुत्र्यावर उपकार म्हणून करू नका, वाघासाठीच करा, आम्हाला चालेल.

आता माझ्या धंद्याकडं येतो, इथं मला सगळ्यात जास्त राग येतो. गोचिड. ढोरांवर मारायचं गोचिडाचं औषध लोक त्याच डब्यातून तसंच्या तसं कुत्र्याला चोपडतात, माप नाही, पाणी अंदाजानं, आणि काही महाभाग तर पऱ्हाटीवर मारायचं औषध मारतात. अहो २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं मेली, सगळ्या देशानं बघितलं, आणि तेच कुत्र्याच्या अंगावर, जे अंग ते नंतर चाटणार आहे? कुत्र्याला लाळ सुटली, थरथरायला लागलं, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी झाली तर ते विष आहे, ताबडतोब डॉक्टर. कुत्र्यासाठी गोचिडाची वेगळी औषधं मिळतात, मानेवर टाकायचे थेंब आहेत, खायच्या गोळ्या आहेत, महाग आहेत हे मान्य, पण ढोराचंच वापरायचं तर निदान डॉक्टरला माप विचारून वापरा. आणि गोचिड नुसता रक्त पीत नाही, त्याच्यातून ताप येतो, कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, नाकातून रक्त येतं. आठवड्यातून एकदा कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली हात फिरवून बघितलं तरी अर्धं काम होतं. गोठ्याच्या भिंतीच्या फटी पण बघा, मादी तिथंच जाऊन अंडी घालते.

आणि मांजर! कुत्र्याला लावलेलं औषध चुकूनही मांजराला लावायचं नाही. परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन असं डब्यावर लिहिलेलं असेल तर मांजरापासून लांबच ठेवा, मांजराच्या लिव्हरला हे विष नीट फोडता येत नाही. तसंच तापाची पॅरासिटामॉलची गोळी, आपण ती पोराला देतो म्हणून मांजरालाही अर्धी देऊन बघतात लोक, एक गोळी मांजराचा जीव घ्यायला पुरेशी आहे. उंदराच्या औषधाचं पण तसंच. ब्रोमॅडिओलोनची वडी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरतो, आणि सुस्त उंदीर कोण पकडणार? ज्याच्यासाठी पाळलं तेच. अशा विषावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा तरी आहे, वेळेत डॉक्टरकडं नेलं तर. झिंक फॉस्फाइडवर उताराच नाही. मी दुकानात विचारतो की घरी मांजर आहे का, असेल तर पिंजरा लावा म्हणतो, गिऱ्हाईक तोंड वाकडं करतं पण विचारतो.

मांजराला स्वतःची एकत्र लस पण असते बरं का, दोन महिन्यांच्या आसपास सुरू करून तशीच तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं. आमच्या भागात ती मागितली तर दवाखान्यात लोक आपल्याकडं वेड्यासारखं बघतात. मिळत नसेल तर रेबीजची तरी द्या. अन् मांजर नुसत्या दूध-भाकरीवर जगत नाही, ते पक्कं मांसाहारी जनावर आहे, त्याला उंदीर, मासा, अंडं असलं काहीतरी पाहिजेच. मोठ्या मांजराला दुधानं उलट हगवण लागते कधी कधी. बोका मुतायला बसतो, कण्हतो आणि थेंब येत नाही असं दिसलं तर उद्या बघू म्हणायचं नाही, लघवी तुंबून एक-दोन दिवसांत जातो.

जंताची गोळी ही सगळ्यात स्वस्त गोष्ट आणि तीच सगळ्यात चुकवली जाते. पिल्लांना जंत आईच्या पोटातून आणि दुधातूनच येतात, म्हणून पोट फुगलेलं पिल्लू म्हणजे गुटगुटीत पिल्लू हा भ्रम आहे. दोन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांपर्यंत, मग महिन्यानं सहा महिन्यांपर्यंत आणि पुढं जन्मभर दर तीन महिन्यांनी, आईला पण सोबत. डोस वजनावर असतो, नेहमी मिळणारी मोठ्या कुत्र्याची गोळी साधारण दहा किलोला एक, पिल्लाला वेगळं पातळ औषध. वजनासाठी माझ्या दुकानातला काटा मी देतो, पोत्यात बसवून आणा, फुकट करून देईन, फक्त ढोराचं आयव्हरमेक्टिन अंदाजानं सुईत ओढून पिल्लाला टोचू नका. हे जंत मातीत खेळणाऱ्या पोरांच्याही पोटात जातात हे सांगितलं की आयाबाया लगेच ऐकतात, बाप्ये ऐकत नाहीत.

नसबंदीवर शहरात एवढी चर्चा होते की मी थोडक्यात सांगतो. कुत्री सहा-सात महिन्यांत माजावर येते, मांजर तर चार-पाच महिन्यांतच, आणि दोन महिन्यांत वितात. ऑपरेशन केलं की पिल्लं थांबतात तेवढंच नाही, म्हातारपणी गर्भपिशवीत पू होऊन कुत्री मरते तो आजार टळतो, पहिल्या माजाच्या आधी केलं तर स्तनाच्या गाठींचा धोकाही खूपच कमी होतो. माजावर येऊन गेल्यावर महिना-दोन महिन्यांत कुत्री खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली तर तो पू असू शकतो, थांबू नका. गावातल्या कुत्र्यांच्या लघवीच्या जागी रक्ताळलेली फुलकोबीसारखी गाठ दिसते ती बहुतेक वेळा जोडी लागतानाच एकाकडून दुसऱ्याला पसरते, आणि तिला इंजेक्शननं चांगला गुण येतो, पण लोक किळस करून हाकलून देतात. केंद्र सरकारच्या २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणं मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लस ही स्थानिक संस्थांची जबाबदारी आहे, त्यात पंचायती पण आल्या, हे आमच्या सरपंचाला मी सांगितलं तर त्यांनी माझ्याकडंच कागद मागितला.

उन्हाळ्याचं विदर्भाच्या माणसाला काय सांगायचं. ४५-४६ डिग्रीत कुत्र्याच्या अंगाला घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकूनच थंड होतं, म्हणून दुपारी साखळीनं पत्र्याच्या शेडखाली बांधणं म्हणजे भाजणं. सावली आणि मातीच्या पसरट भांड्यात पाणी, बस. खायला सावजी रस्सा ओतलेली भाकर देऊ नका, प्रेमानं देता हे मला माहीत आहे, पण कांदा-लसणानं कुत्र्या-मांजराचं रक्त कमी होतं.

राहिलं म्हातारं जनावर. सात-आठ वर्षांचं कुत्रं म्हातारपणाला लागतं, मांजर दहाच्या पुढं. त्या वयात आमच्याकडं त्याची भाकर कमी होते आणि जागल तेवढीच राहते. खरं तर त्याच वयात वर्षातून दोनदा दाखवायला पाहिजे. दातावर पिवळा थर आणि तोंडाला वास म्हणजे खाताना दुखतंय, पाणी एकाएकी वाढलं तर किडनी किंवा साखर, वजन उतरत असेल तर काहीतरी आतून चाललंय. म्हातारं झालं म्हणून लस बंद करायची हेही चूक, म्हाताऱ्या कुत्र्याला काय रेबीज होत नाही? डॉक्टर लांब असेल तर १९६२ या नंबरवर फोन करून जनावरांच्या फिरत्या दवाखान्याच्या पथकाची चौकशी तरी करा. मोठ्या आजारासाठी नागपूरला पशुवैद्यक कॉलेज आहे, १९५८ पासूनचं, अकोल्याला पण संस्था आहे, पण कुत्रं घेऊन एसटीत कोण चढू देतं तेही बघावं लागतं.

म्हणून परत कॅम्पावर येतो. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागानं पुढच्या लाळ-खुरकुताच्या फेरीत एक-दोन तालुक्यांत करून बघावं. लस दोन ते आठ डिग्रीत ठेवावी लागते, आमच्याकडं लाईट जाते, पण बर्फाचा डबा तर येतोच आहे ना. आदल्या दिवशी दवंडी, ज्याच्या आंगणात कुत्रं जेवतं त्यानं ते धरून आणायचं, टोचल्यावर गळ्यात रंगीत दोरी आणि ग्रामपंचायतीच्या वहीत नोंद. डॉक्टरची पदं रिकामी आहेत आणि एकेका माणसाकडं दहा-पंधरा गावं आहेत हे मला दिसतं, ढोरं धरायला आम्ही पोरं जमवतो तशी कुत्री धरायलाही जमवू. टोचणाऱ्या लोकांना मात्र आधी रेबीजची लस देऊन ठेवा, कुत्रं काही बैलासारखं खुंट्याला उभं राहत नाही.

आणि साहेब, तुमच्याकडं पण एक मागणं. कुत्रा चावल्याची बातमी छापता तेव्हा खाली एक चौकट टाकत जा: जखम वाहत्या पाण्यात साबणानं १५ मिनिटं धुवा, मिरची-चुना-हळद भरू नका, झाडपाल्याच्या आणि मंत्राच्या नादी लागू नका, त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा, इंजेक्शन फुकट आहे, रक्त आलं असेल तर जखमेत भरायच्या सीरमचं पण विचारा, आणि दोन डोस झाल्यावर बरं वाटतंय म्हणून पुढचे सोडू नका. जागा कमी असेल तर माझं हे पत्र कापा, चौकट ठेवा.

आपला,
एक कृषी केंद्रवाला वाचक
ता. केळापूर, जि. यवतमाळ